गोठ्यातला हिशेब बदलतो आहे

महागडी औषधे, पोत्यातले खाद्य आणि वाया जाणारे शेण या चक्रातून अनेक दूध उत्पादक हळूहळू बाहेर पडत आहेत. पण ते निसर्गप्रेमापोटी, की आणखी कशापोटी?

संध्याकाळचे सहा वाजत आले, की चरोतरातल्या बहुतेक गावांत दूध मंडळीपुढे रांग लागते. चरोतर म्हणजे गुजरातमधील आणंद आणि खेडा जिल्ह्यांचा सुपीक पट्टा, बडोद्यापासून तासाभराच्या अंतरावर. रांगेत बायाच जास्त. डोक्यावरचा पदर सावरत, हातात स्टीलची बरणी घेऊन एकेक जण पुढे सरकते. दुधाचा नमुना यंत्रात जातो, फॅटचा आकडा उमटतो, चिठ्ठी हातात पडते. म्हशीने काय खाल्ले, गेल्या आठवड्यात तिला कोणते इंजेक्शन टोचले, तिचे शेण कुठे टाकले, असले प्रश्न इथे कुणी विचारत नाही. भाव ठरतो तो फॅट आणि बाकीच्या घन घटकांवर. निसर्गाला सांभाळून काढलेल्या दुधाला इथे एक पैसाही जास्त मिळत नाही.

तरीही याच गावांतल्या कित्येक घरांनी आपल्या गोठ्याची रीत बदलली आहे. शेण उकिरड्यावर न टाकता ते संयंत्रात घालायचे, जनावराच्या साध्या दुखण्यावर आधी घरचे औषध करून पाहायचे, पोत्यातले खाद्य मोजून द्यायचे, अंगणात चारा वाढवायचा. ज्यात फायदा दिसत नाही, ते शेतकरी कशाला करील? आणि दिवसातून दोनदा धारा काढून कंबर मोडलेली बाई आणखी एक काम स्वतःहून अंगावर का घेईल?

शहरात बसून याचे उत्तर देणे सोपे आहे. पर्यावरणाविषयी जागृती वाढली, असे म्हटले की झाले. गोठ्यात मात्र हा शब्द फारसा ऐकू येत नाही. तिथे हिशेब ऐकू येतो.

दुधाचा पूर आणि त्याची किंमत

हा हिशेब समजायचा तर थोडे मागे जावे लागेल. १९४६ साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली आपला सहकारी दूध संघ उभारला. १९४९ मध्ये वर्गीस कुरियन नावाचा तरुण इंजिनिअर आणंदला आला आणि तिथलाच झाला. १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले, १९७० ते १९९६ या काळात ‘ऑपरेशन फ्लड’ राबवले गेले आणि १९९८ पासून भारत दुधाच्या उत्पादनात जगात पहिल्या क्रमांकावर आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३ कोटी ९३ लाख टन दूध निघाले. कोट्यवधी घरांत रोजचा रोख पैसा आला तो या दुधामुळे. त्यामुळे ‘जुने ते सारे चांगले होते’ असा सूर लावणाऱ्यांनी जरा जपून बोलावे. जुन्या काळात शहरांत दुधाच्या कार्डासाठी रांगा लागत होत्या, हे विसरून चालणार नाही.

पण या पुराबरोबर काही गोष्टी गोठ्यात शिरल्या. होल्स्टीन आणि जर्सीच्या संकरातून आलेल्या गाई दूध भरपूर देतात. मात्र त्यांना खायला जास्त लागते, आपल्याकडचा उन्हाळा सोसत नाही आणि त्या आजारी पडल्या की डॉक्टरांना बोलवावे लागते. पेंडीच्या जोडीला पोत्यातले तयार खाद्य आले. सुई आली. शेतात युरिया आला आणि शेणखताची गरज कमी झाल्यासारखे वाटू लागले. जे शेण एके काळी घराची लक्ष्मी म्हणून मिरवत होते, ते उकिरड्यावर पडून पावसात वाहून जाऊ लागले.

काही वर्षे हे सारे परवडले. मग खाद्याचे भाव चढत गेले, औषधांची बिले वाढली आणि दुधाचा भाव त्या वेगाने काही वाढला नाही. दूध काढण्याच्या एकूण खर्चात निव्वळ खाद्य-चाऱ्याचाच वाटा साठ ते सत्तर टक्के असतो. म्हणजे बाईच्या हातात येणारा पैसा दुधाच्या आकड्यावर जितका अवलंबून, तितकाच गव्हाणीत काय पडते यावर. ज्यांच्याकडे दोन-तीनच जनावरे आहेत, त्यांना हे सर्वांत आधी कळले.

शेणाची वही

दुभत्या जनावराचे रोज दहा ते पंधरा किलो शेण पडते. दावणीला चार जनावरे असली तर पन्नास किलो सहज. हे पन्नास किलो शेण आणि तितकेच पाणी कालवून संयंत्रात घातले, तर साधारण दोन घनमीटर गॅस मिळतो. एक घनमीटर गोबर गॅस म्हणजे सुमारे ४३० ग्रॅम एलपीजी. या दराने कागदावर सोळा-सतरा दिवसांत एका सिलिंडरइतका गॅस चुलीशी येतो. थंडीत तो कमी येतो, शेण कमी पडले की आणखी कमी. पण सरासरी धरली तरी घराचा स्वयंपाक बऱ्यापैकी निघतो.

यात नवीन काय, असे जुने वाचक विचारतील. त्यांचे बरोबर आहे. जशभाई पटेल यांनी लोखंडी टोपीचे संयंत्र १९५०च्या दशकात तयार केले होते. पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेले. १९८१-८२ पासून सरकारने राष्ट्रीय योजना आखून अनुदान दिले. महाराष्ट्रातही गोबर गॅसच्या टाक्या घरामागे दिसू लागल्या, आणि त्यातल्या किती तरी पुढे बंदही पडल्या. कुठे लोखंडी टोपी गंजली, कुठे सिमेंटच्या घुमटाला तडा गेला आणि तो बुजवणारा गवंडी मिळेना. कुठे जनावरे विकली गेली, कुठे घरात सिलिंडर आला. रोज शेण कालवायचा कंटाळा हेही एक खरे कारण. घरातल्या पुरुषाने अनुदानाच्या अर्जावर सही केली. शेण मात्र बाईला कालवावे लागले. ज्याला काम करायचे त्याला योजनेत विचारलेच नाही, तर ती योजना किती दिवस चालणार?

आता गोष्ट बदलली ती दोन कारणांनी. पहिले कारण साधे आहे. रबरी किंवा प्लास्टिकच्या जाड कापडाची, फुग्यासारखी संयंत्रे आली. ती एक-दोन दिवसांत बसतात, त्यांना मोठे बांधकाम लागत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. गॅस निघून गेल्यावर जो पातळ राबडा उरतो, ज्याला सगळीकडे स्लरी म्हणतात, त्याला गिऱ्हाईक मिळाले.

आणंद जिल्ह्यातील बोरसद तालुक्यात जकरियापुरा नावाचे छोटे गाव आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तिथे घराघरांत गोठ्यालगत अशी संयंत्रे बसवून घेतली. स्लरी आधी स्वतःच्या शेतात वापरायची आणि जास्तीची असेल ती विकायची, अशी रीत बसली. विकत घेतलेल्या स्लरीची प्रत तपासून त्याप्रमाणे पैसे दिले जातात, अगदी दुधाच्या फॅटसारखे. पाणी घालून वाढवलेली स्लरी तिथे खपत नाही! जवळच्याच आंकलाव तालुक्यातील मुजकुवा गावात तर बायांनी खताची स्वतंत्र सहकारी मंडळी काढली. दुधाची मंडळी पुष्कळ ठिकाणी असते. खताची मंडळी, आणि तीही बायांची, ही नवलाईच होती. गोळा केलेल्या स्लरीवर प्रक्रिया करून तयार होणारी खते मंडळाने ‘सुधन’ या नावाखाली बाजारात आणली आणि २०२२ मध्ये या कामासाठी वेगळी कंपनी स्थापन केली.

इथे खरी मेख आहे. गॅसमुळे सिलिंडरचा खर्च वाचतो. पण वाचलेला पैसा डोळ्यांना दिसत नाही. स्लरीचा पैसा हातात पडतो. आणि जिथे तो बाईच्या नावावर जमा होतो, तिथे संयंत्र बंद पडत नाही. गळती लागली तर ती स्वतः मिस्त्रीला निरोप धाडते. बाकीचे फायदे मागून येतात. गोवऱ्या थापायचा वेळ वाचतो, चुलीचा धूर जातो, भांडी काळी होत नाहीत. उकिरड्यावर कुजताना हवेत जाणारा मिथेन वायू शेगडीत जळतो, आणि हा वायू हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या किती तरी पट पुढे आहे. चरोतरात तंबाखू आणि केळी ही मुख्य पिके. दोन्हींना खत भरपूर लागते. युरियाची दोन पोती कमी आणावी लागली, की त्याचीही नोंद मनातल्या वहीत होतेच.

उत्तरेकडे बनासकांठा जिल्ह्यात हाच विचार मोठ्या प्रमाणावर झाला. तिथल्या बनास डेअरीने डीसाजवळ मोठा प्रकल्प उभारून आसपासच्या गावांतले शेण किलोला एक रुपया दराने घ्यायला सुरुवात केली. त्यापासून गाड्यांना लागणारा गॅस तयार होतो. ज्या वाहनातून दूध जाते, त्याच भागातले शेण उद्या त्या वाहनाला चालवील, ही कल्पना आता गमतीची राहिलेली नाही.

कोरफड, हळद आणि चुना

आता गोठ्यातल्या दुसऱ्या खर्चाकडे वळू. दुभत्या जनावराचा सर्वांत छळणारा आजार कासदाह. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी त्याला दगडी म्हणतात. कास सुजते, सड कडक होतात, दुधात गुठळ्या येतात. वेळेवर लक्ष दिले नाही, तर एखादा सड कायमचा निकामी होतो आणि हजारोंच्या म्हशीची किंमत निम्म्यावर येते. म्हणून लोक घाईघाईने अँटिबायोटिक टोचून घेतात. ते चुकीचे आहे असे नाही. पण अँटिबायोटिक दिल्यानंतर काही दिवस त्या जनावराचे दूध मंडळीत घालू नये असा नियम आहे. ज्या घरात दोनच म्हशी, त्या घराने चार-पाच दिवस एकीचे दूध ओतून द्यायचे म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. डॉक्टरांची फी, औषधाचे बिल आणि वर दूध बंद! साहजिकच काही जण ते दूध गुपचूप बरणीत मिसळतात.

त्याचे काय होते, ते शहरातल्या गृहिणीने कधी तरी अनुभवलेले असते. विरजण नेहमीचेच, दूध कोमट, वाटीही तीच, तरी दही लागत नाही. त्यामागे कारणे अनेक असू शकतात; पण दुधात अँटिबायोटिकचा अंश असला तर विरजणातले जिवाणू वाढत नाहीत आणि दही लागायला अडचण येते, हे खरे आहे. अन्नसुरक्षा आणि मानक प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने घेतले होते. त्यात भेसळीचे नमुने निघाले अवघे १२. अँटिबायोटिकचे अंश मात्र ७७ नमुन्यांत प्रमाणाबाहेर होते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे बुरशीचे विष ३६८ नमुन्यांत. लोक घाबरतात ते युरिया आणि साबण मिसळलेल्या दुधाला. पण धोका त्यापेक्षा गोठ्यातून अधिक येत होता.

तमिळनाडूतील पशुवैद्यकीय विद्यापीठात प्राध्यापक एन. पुण्यमूर्ती यांनी जनावरांच्या पारंपरिक औषधांचा अनेक वर्षे अभ्यास केला. कोणत्या वनस्पती, किती प्रमाणात, किती दिवस, हे त्यांनी ठरवून दिले. दुग्धविकास मंडळाने त्या कृती उचलल्या आणि साबरकांठा जिल्ह्यापासून अनेक दूध संघांमार्फत गावोगाव पोहोचवल्या. कासदाहावरची कृती अशी: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि खायचा चुना १५ ग्रॅम एकत्र वाटायचे. हळदीला चुना लागला की मिश्रण लालसर होते. कुंकू असेच बनते, हे कुणाला सांगायला नको. कास स्वच्छ धुऊन, दूध पूर्ण काढून, हा लेप थोड्या पाण्यात पातळ करून दिवसातून दहा वेळा लावायचा, असे पाच दिवस. सोबत जनावराला रोज दोन लिंबे चिरून खाऊ घालायची.

दिवसातून दहा वेळा! हे वाचूनच दमायला होते. तरी बाया ते करतात, कारण सारे साहित्य घरात किंवा कुंपणाशी असते, खर्च नगण्य होतो आणि दूध ओतून द्यायची वेळ येत नाही. अर्थात हा उपाय दुखण्याच्या सुरुवातीला. जनावराला ताप भरला, त्याने खाणे सोडले, दुधात रक्त आले, तर डॉक्टरांना बोलवायलाच हवे. लेपावर हटून बसून म्हैस गमावणे हा शहाणपणा नव्हे. कुठल्याही घरगुती औषधाचे जसे होते तसे याचेही होते: ज्यांना गुण आला ते त्याचे गोडवे गातात, ज्यांना आला नाही ते गप्प बसतात.

गोठ्यातली एक सुई किती दूरवर जाऊन टोचते, याचे उदाहरण साऱ्या देशाने पाहिले आहे. १९९०च्या दशकात जनावरांच्या सुजेवर आणि दुखण्यावर डायक्लोफिनॅक हे स्वस्त औषध सर्रास दिले जाऊ लागले. असे जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होई. पांढऱ्या पाठीची गिधाडे पंधरा-वीस वर्षांत शंभरातली एकसुद्धा उरली नाहीत. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला अंत्यविधीचा प्रश्न पडला. गावाबाहेर मेलेली ढोरे कुजत राहिली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. कारण २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे जास्त दगावली. ज्या शेतकऱ्याने लंगडणाऱ्या बैलाला कळवळून ते इंजेक्शन दिले, त्याच्या स्वप्नातही हे आले नसेल.

बंदीनंतर मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारे औषध डॉक्टर वापरू लागले. शेतकऱ्याचे काही अडले नाही. पर्याय हाताशी असला आणि खिशाला फार चाट नसली, की बदल पचतो.

गव्हाणीत काय पडते

मघाशी उल्लेख आलेले अफ्लाटॉक्सिन येते बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि मक्यातून. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर ठेवलेली शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड आतून हिरवट होते. वरून कळत नाही. ती म्हशीच्या पोटात गेली, की विष बदललेल्या रूपात दुधात उतरते. यावर उपाय कसला महागडा नाही. पोती फळ्यांवर ठेवायची, भिंतीपासून दूर ठेवायची आणि बुरशी दिसली तर ‘जनावरच तर आहे, खाईल’ असे म्हणायचे नाही.

याहून मोठा बदल आहे तो मोजून खाऊ घालण्याचा. वर्षानुवर्षे लोक सवयीने खाद्य देत आले. दूध जास्त हवे म्हणून पेंड जास्त, खनिजे मात्र शून्य. दुग्धविकास मंडळाने २०१२ च्या सुमारास गावागावांत माणसे तयार केली. जनावराचे वजन, वेत, दूध आणि घरात उपलब्ध असलेला चारा पाहून काय किती द्यावे, ते ही माणसे सांगत. पुष्कळांना आश्चर्य वाटले ते हे की, काही जनावरांचे खाद्य चक्क कमी करायला सांगितले गेले. पेंड कमी झाली, मूठभर खनिज मिश्रण आले आणि दूध घटले नाही.

यात निसर्गाचा संबंध कुठे आला? रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतो, तेव्हा मिथेन तयार होतो आणि तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. खाल्लेल्या चाऱ्यातली सुमारे सहा-सात टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. म्हणजे शंभर रुपयांच्या चाऱ्यातले सहा-सात रुपये गाय ढेकर देऊन उडवते! आहार समतोल असला तर दुधाच्या प्रत्येक लिटरमागे हा वायू कमी निघतो. शेतकऱ्याला वायूशी देणेघेणे नाही, पण त्या सहा-सात रुपयांशी आहे.

बांधावर शेवगा, शेवरी, सुबाभूळ लावणे, पाण्याच्या छोट्या वाफ्यात अझोला वाढवणे, मक्याचा मुरघास करून उन्हाळ्यासाठी ठेवणे हेही याच हिशेबात बसते. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने चाऱ्याच्या झाडांचा प्रसार महाराष्ट्रात फार पूर्वी केला होता. अझोल्याचे मात्र जरा जास्तच कौतुक झाले. त्यात प्रथिने चांगली असतात हे खरे. पण ताज्या अझोल्यात बहुतांश पाणीच असते, उन्हाळ्यात तो टिकवणे कठीण आणि जिथे जनावरांना प्यायलाच पाणी पुरत नाही, तिथे वाफे कुठून भरायचे? ज्यांनी शिबिरात पाहून उत्साहाने वाफे खणले, त्यांतल्या अनेकांचे वाफे दुसऱ्या उन्हाळ्यात कोरडे पडले.

भाव कोण देणार?

इथवर जे बदल सांगितले, त्यांत एक गोष्ट समान आहे. ते सगळे खर्च वाचवणारे किंवा नवा पैसा आणणारे आहेत. आता याच्यापुढची पायरी, म्हणजे पूर्ण सेंद्रिय दूध. तिथे चाराही रसायनमुक्त जमिनीतलाच हवा, ती जमीन दोन-तीन वर्षे तशी राखायला हवी, कागदपत्रे हवीत, तपासणी हवी. सुरुवातीला चाऱ्याचे उत्पादन घटते, दूधही घटू शकते. हा तोटा कुणी तरी भरून द्यावा लागतो, आणि मंडळीतले यंत्र तर फक्त फॅट वाचते.

म्हणून सेंद्रिय दुधाचे धंदे दिसतात ते मोठ्या शहरांच्या आसपास. काचेच्या बाटलीतले दूध दारात मिळते आणि त्यासाठी दीडपट-दुप्पट पैसे मोजणारी घरे तिथे आहेत. पण तो गोठा बहुधा भांडवल असलेल्या मालकाचा असतो. दोन म्हशींच्या घराला तिथे जागा नाही. त्यात ‘ए-टू’ दुधाचा आणि देशी तुपाचा गाजावाजा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असे दावे पाकिटांवरून काढायला सांगितले आणि चार-पाच दिवसांतच तो आदेश मागे घेतला. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडले. देशी गाय उन्हाला आणि गोचिडांना अधिक तोंड देते, तिला खर्च कमी येतो, हे तिचे खरे बळ आहे. पण पाकिटावर ते छापून विकता येत नाही.

भूमिहीनांचा प्रश्न वेगळाच. दूध घालणाऱ्यांत पुष्कळांना शेत नाही. चारा विकत, पाणी लांबून. त्यांना बांधावर झाड लावा हे सांगणे म्हणजे थट्टाच. त्यांच्या उपयोगाची गोष्ट एकच: स्लरी किंवा शेण विकत घेणारे कुणी तरी दाराशी यावे. जिथे तो येतो तिथे बिनजमिनीचे घरही या बदलात उतरते, जिथे येत नाही तिथे शेण पूर्वीसारखेच गोवऱ्यांना जाते.

कायद्याने केले आणि मुळातच होते

खर्च वाचतो म्हणून केलेला बदल झाला हा. याहून वेगळा रस्ता सिक्कीमने घेतला. २००३ मध्ये मुख्यमंत्री पवन चामलिंग यांनी राज्य पूर्ण सेंद्रिय करण्याची घोषणा विधानसभेत केली, टप्प्याटप्प्याने रासायनिक खते बंद केली, आणि जानेवारी २०१६ मध्ये सिक्कीम देशातले पहिले सेंद्रिय राज्य जाहीर झाले. तिथे डोंगरउतारावरच्या छोट्या शेतांत खत घालायचे तर ते गोठ्यातूनच यायला हवे. साहजिकच गाईचे मोल दुधापलीकडे वाढले. सिक्कीमच्या शेतकऱ्याला निवडीची मुभा नव्हती, पण राज्याचे सरकार पाठीशी होते. सपाट प्रदेशातल्या मोठ्या राज्यांना हे जमेल का, हा वाद अजून मिटलेला नाही.

आणि पुन्हा गुजरातेतच कच्छमध्ये बन्नीच्या गवताळ पट्ट्यात असे पशुपालक आहेत, ज्यांना काहीच बदलावे लागले नाही. मालधारी समाजाच्या बन्नी म्हशी रात्री चरायला बाहेर पडतात आणि सकाळी धारेला आपसूक घरी येतात. दिवसाच्या उन्हातून सुटका होते आणि गव्हाण भरायचा खर्चही वाचतो. २०१० मध्ये या म्हशीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. यांना पर्यावरणपूरक पशुपालन कुणी शिकवले नाही. उलट जमीन खारट होऊ नये म्हणून १९६०च्या दशकात सरकारनेच तिथे विलायती बाभूळ लावली आणि तिने गवताचा मोठा भाग गिळला. आता ती बाभूळ उपटून पुन्हा गवत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. बन्नीतल्या मालधाऱ्याला दूध संघाची गाडी गावापर्यंत आली याचा आनंद आहे; पण गवत राहिले तरच गाडीत घालायला दूध असेल, हेही तो जाणतो.

चरोतरात तोपर्यंत संध्याकाळची रांग संपलेली असते. बरणी विसळून बाई घरी परतते. शेगडीवर भाकरी टाकायला गॅस पुरेल की नाही, हे ती फुग्याकडे एक नजर टाकून ओळखते. फुगा जरा बसलेला दिसला, तर कारणही तिला ठाऊक असते: एक म्हैस भाकड झाली म्हणून गेल्या महिन्यात विकली, शेण कमी पडते आहे. शेजारच्या काकीकडे एक घमेले मागून पाहावे, की स्लरीच्या पैशांतून नवी पारडी घ्यावी, याचा विचार भाकऱ्या होईपर्यंत चालतो.